राइस कुकरमध्ये चिकन-मटण: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

माझा कुकर अगदी साधा आहे. 1.8 लिटर, 700 वॅट आणि एकच खटका. खाली दाबला की ‘कुक’, वर आला की ‘वॉर्म’. घेतला होता भातासाठी, पण आता त्यात नुसत्या भातापेक्षा चिकनच जास्त वेळा शिजतं. ‘यात मांस नीट शिजतं का’ असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आतलं भांडं उचललं की बुडाशी मधोमध एक गोल चकती दिसते, स्प्रिंगवर बसलेली, बोटाने दाबली की आत जाणारी. साध्या कुकरमध्ये तिच्या आत एक खास चुंबक असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळ 100 अंशांच्या आसपासच राहतो. पाणी भातात मुरलं किंवा वाफ होऊन गेलं की तापमान चढतं, 100च्या जरा वर जाताच चुंबकाची पकड सुटते आणि ‘टक्’ करून खटका उडतो. बस, कुकरला एवढंच कळतं. मांस शिजलं की कच्चं, हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणूनच पाणी कमी पडलं तर खटका लवकर उडतो आणि जाड तुकडा हाडाजवळ कच्चा राहतो. रस्सा भरपूर असला तर खटका उडतच नाही, तो आपला उकळत बसतो आणि तेवढ्यात चिकनच्या छातीचे तुकडे चोथा होतात. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: स्वयंपाकाचा थर्मामीटर. सर्वांत जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता टोचायचा. चिकन 74 अंश, मटणाचा खिमा 71. रंगावर अजिबात जाऊ नका. हाडाजवळ गुलाबी दिसणारं चिकन पुरेसं शिजलेलं असू शकतं आणि पांढरंफटक दिसणारं कमी शिजलेलं निघू शकतं.

या कुकरला पैकीच्या पैकी मार्क मिळतात ते चिकन आणि भात एकत्र शिजवताना. मांडीचं बिनहाडाचं मांस घ्यायचं, दोन घासांचे तुकडे करायचे, मीठ-आलं-लसूण लावून धुतलेल्या तांदळावर एकाच थरात पसरायचे. ढवळायचं नाही. चिकनला स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे नेहमीपेक्षा थोडं कमी घालायचं. खटका उडाला तरी झाकण दहा-पंधरा मिनिटं उघडू नका. वरची वाफ तेवढ्या वेळात खाली बसते आणि चिकनची चरबी भातात उतरते. तळाची शितं किंचित चिकटलेली, चरबीने चकचकीत झालेली असतात. माझ्या घरी भांडण होतं ते त्या थरावरून.

वाफेची जाळी मिळाली असेल तर एक काळजी घ्या. कच्चं चिकन जाळीत ठेवायचं तर भाताबरोबर सुरुवातीपासूनच ठेवा. भात होत आल्यावर ठेवलं, तर त्याचा रस खाली तयार भातावर टपकतो आणि खटका उडेपर्यंत तो पुरेसा तापेलच असं नाही.

मटणाच्या बाबतीत मात्र निराशा. त्यातल्या चिवट भागांना मऊ व्हायला वेळ तरी लागतो नाहीतर जास्त तापमान. प्रेशर कुकर 120 अंशांच्या आसपास जातो, हा शंभरावरच अडतो. दोन-अडीच तास, मध्ये गरम पाण्याची भर, झाकणाच्या भोकातून ओट्यावर येणारा फेस… चव चांगली येते, पण एवढा उपद्व्याप सुट्टीच्या दिवशीच परवडतो. मी मटणापुरती प्रेशर कुकरकडे परतले.

खरपूसपणाचीही आशा धरू नका. मांसाला तांबूस रंग चढायला साधारण 140 अंश लागतात, तिथवर हा पोचतच नाही. हवाच असेल तर आधी तव्यावर परतून घ्या. खटका वर येऊ नये म्हणून त्यावर वजन ठेवण्याची युक्ती सांगणारे भेटतात. कृपया करू नका, तो खटका तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे.

‘वॉर्म’वर माझ्याकडे आतलं अन्न 65 अंशांच्या वर राहतं. शिजलेलं गरम ठेवायला ते ठीक आहे, पण कच्चं मांस त्यावर शिजत ठेवायचं नाही. 5 ते 60 अंशांत जिवाणू झपाट्याने वाढतात आणि ‘वॉर्म’वर मांस तो टप्पा फार रेंगाळत पार करतं. टायमरवाला कुकर असेल तर सकाळी कच्चं चिकन भरून संध्याकाळची वेळ लावणं याच कारणासाठी बाद. गोठलेले तुकडेही आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या.

तक्रार एकच, पण रोजची: वास. भांडं धुतलं की स्वच्छ होतं, पण झाकणाच्या आतली कड आणि वाफेचं भोक चरबी धरून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशीच्या साध्या भाताला कोंबडीचा वास येतो. माझं झाकण निघत नाही, त्यामुळे पाण्यात लिंबू पिळून रिकामा कुकर उकळवावा लागतो. नवीन घेणार असाल तर आतलं झाकण सुटं होणाराच घ्या आणि लागतो त्यापेक्षा एक माप मोठा. मांस घातल्यावर भांडं अर्ध्याच्या वर भरलं की फेस बाहेर आलाच.