सौरचुलीच्या नावाखाली थर्माकोलची पेटी

सौरचूल मंद असते, हे खरंच आहे. आणि याच खऱ्या गोष्टीच्या आडून माझ्या आईला फसवलं गेलं, म्हणून हे लिहितेय.

आई पुण्यात सहकारनगरला एकटी राहते. सोसायटीच्या आवारात एकाने टेबल मांडून 'सोलर कुकर' विकायला ठेवले होते. पेटी उघडून वाफाळता भात काढला, सगळ्यांना चाखायला दिला. तांदूळ आत ठेवताना मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. साडेसहा हजार रुपये घेतले, वर 'सरकारी अनुदान मिळवून देतो' म्हणून आणखी पाचशे. पावती 'नंतर आणून देतो'.

मार्चचं कडक ऊन, तरी सकाळी लावलेली तूरडाळ दुपारी टणकच. फोन केला की उत्तर एकच, "काकू, सौरचूल मंदच असते, दम धरा." आईने दम धरला. मग मुगाची खिचडी दिवसभर आत राहिली आणि संध्याकाळी आंबूस वास मारू लागली. मला राग आहे तो याचा, पैसे नंतर. अन्न ६० अंशांच्या खाली तासन्‌तास कोमट राहिलं की त्यात जिवाणू भराभर वाढतात. एकट्या राहणाऱ्या वयस्कर बाईच्या पोटाशी हा खेळ आहे.

मी ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवला. भर दुपारी, रिकाम्या पेटीत काटा ६८च्या पुढे जाईना. चांगली पेटी अशा उन्हात १००च्या वर सहज जाते. मग स्क्रू काढले. झाकणाला दोन काचांऐवजी ॲक्रिलिकचा एकच पत्रा. बाजूंना उष्णता धरून ठेवणारं ग्लासवूल (काचेची लोकर) नाही, थर्माकोल, तोही उष्णतेने आक्रसून फटी पडलेला. आरसा म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली चकचकीत फिल्म.

चांगल्या पेटीत दोन काचांमध्ये फट असते, झाकणाच्या काठाला रबर, आत काळा ट्रे, भांडीही बाहेरून काळी. वरणभाताला दोन-तीन तास लागतात. पोळ्या आणि फोडणी त्यात होत नाही. होते म्हणणारा खोटं बोलतोय. पुण्याच्या पावसाळ्यात ढगाखालीही चालतो म्हणणाराही. पेटीच्या सौरचुलीसाठी आयएस १३४२९ हे भारतीय मानक आहे, त्याचा शिक्का मागा. अनुदानाचं महाऊर्जाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेकडे विचारा, त्यांचं मुख्यालय पुण्यातच आहे. आणि प्रात्यक्षिक बघायचंच तर थंड, रिकाम्या पेटीत तांदूळ-पाणी स्वतःच्या हाताने ठेवा, शिजेपर्यंत तिथून हलू नका.

त्या माणसाचा फोन आता बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन पैसे भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३०लाही लगेच कळवा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं. उघडलेली पेटी मी तशीच जपून ठेवली आहे. सहकारनगर, पर्वती, धनकवडी भागात कुणी अशीच पेटी घेतली असेल तर पैसे पाठवल्याचा पुरावा काढून ठेवा आणि मला कळवा. तक्रार सगळ्यांनी मिळून करू.