बाभळीच्या काट्यांचे ओरखडे: घरी हातानं कंपाऊंड मारा का तालुक्याले नेऊन मशीनवर पॉलिश करा

पांदणीनं गाडी वावरात नेली का दोन्ही बाजूची बाभूळ-बोर दरवाज्यावरून घासत जातेच, अन् घरी येऊन धूळ पुसली तर पांढऱ्या रेघाच रेघा. यंदा तूर काढायच्या दिवसात गावातले तीन-चार जण मले हेच विचारून राहिले होते, म्हणून हातानं कंपाऊंड (म्हणजे रेघा घासून काढायची पेस्ट) अन् मशीनवर पॉलिश, दोन्ही करून पाहिल्यावर जे समजलं ते सांगतो.

आधी रेघ कुठवर गेली ते पाहा भाऊ, सगळं त्याच्यावरच आहे. रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असते, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ, अन् उन्हापासून खालचा रंग तोच सांभाळते. रेघेवर पाणी टाका. ओली असेपर्यंत दिसेनाशी झाली तर रेघ वरच्या थरातच आहे. मग नख आडवं फिरवा, अडलं नाही तर कंपाऊंडनं निघते. नख चांगलं अडकलं, नाहीतर खाली राखाडी प्रायमर (रंगाच्या खालचा थर) दिसला, तर कितीही घासा, उपयोग नाही, तिथं टच-अप पेंटच लावा.

आता दोन-चार रेघाच असतील तर माझं मत सरळ आहे, घरीच हातानं करा. कंपाऊंडची लहान ट्यूब अन् दोन मायक्रोफायबर कपडे, एवढ्यात काम होते. कंपाऊंड रेघ भरत नाही, रेघेच्या आजूबाजूचा थर घासून बरोबरीत आणते, म्हणजे दर खेपेला क्लिअर कोट थोडा कमीच होते, हे डोक्यात ठेवा. हातानं वेळ लागते, खांदा दुखते, पण हातानं थर लवकर उडत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

मशीनचं वेगळं आहे. अख्ख्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसत असतील, काळी नाहीतर गडद निळी गाडी असेल, तर हातानं ते एकसारखं होतच नाही, तिथं मशीनच बरी. पण कोणती मशीन ते विचारा. नुसती गोल फिरणारी रोटरी एका जागी थांबली का पत्रा तापते अन् थर जळते. ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे फिरता फिरता हलणारी मशीन नवख्या हातातही बरीच सुरक्षित. एका गॅरेजात माझ्या गाडीच्या मागच्या दरवाज्याच्या धारेवर पोरानं रोटरी दाबून धरली, अन् तिथला क्लिअर कोट गेला तो गेलाच, आता तो डाग रंगवल्याशिवाय जात नाही. धारेवर थर तसाही पातळ असते, तिथं मास्किंग टेप लावायले सांगा, अन् काळ्या प्लास्टिकवरही, नाहीतर कंपाऊंड सुकून पांढरं बसते.

टूथपेस्ट लोक काऊन सांगतात ते समजते, त्यात बारीक घासणारी पूड असते. पण ती गाडीसाठी बनवलेली नाही, चमक एकसारखी येत नाही. वॅक्सनं रेघ लपते, दोन-चार धुण्यांनी परत दिसते. कंपाऊंडनंतर शेवटी लावायले मात्र वॅक्स चांगलं.

जुन्या पांढऱ्या गाडीवर क्लिअर कोट नसूही शकते. कपड्यावर गाडीचाच रंग उतरला तर लगेच थांबा.

अन् वेळ पाहा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते, बोनेटवर हात ठेववत नाही, तिथं कंपाऊंड लावता लावताच सुकते अन् नवीन रेघा पडतात. सकाळी लवकर, निंबाच्या सावलीत, पत्रा थंड असताना करा. आधी गाडी शाम्पूनं धुऊन घ्या, कपडे धुवायच्या पावडरीनं नाही. एका वेळी हातभर जागाच घ्या, वाटाण्याएवढं कंपाऊंड, मधून मधून पुसून पाहा, रेघ पुसट झाली का तिथंच थांबा, पूर्ण जायची वाट पाहून घासत राहू नका.

आणखी एक, वावरातून आल्यावर धुळीनं भरलेली गाडी कोरड्या दुपट्ट्यानं पुसायची आपली जी सवय आहे ना, ती बाभळीपेक्षा जास्त रेघा पाडते. बादलीभर पाणी टाकून धूळ आधी वाहू द्या, मग कपडा लावा.