लहान डोक्याचा, मऊ ब्रिसल्सचा टूथब्रश: सात महिन्यांच्या वापरानंतर

दात साफ करून घेताना दंतवैद्यांनी आरसा हातात दिला आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला साचलेले किटण दाखवले. मी दिवसातून दोनदा दात घासतो, असे सांगितल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "कोणत्या ब्रशने?" माझा ब्रश 'हार्ड' होता, आणि त्याचे डोके इतके लांब की आरशासमोर दाढांशी लावून पाहिल्यावर ते जवळजवळ तीन दाढा व्यापत होते.

तेव्हापासून मी लहान डोक्याचा, मऊ ब्रिसल्सचा साधा ब्रश वापरतो आहे. फरक पडतो की नाही हे मनाच्या समजुतीवर सोडायचे नव्हते, म्हणून औषधांच्या दुकानातून दातांवरचा जंतूंचा चिकट थर (प्लाक) रंगवून दाखवणाऱ्या गोळ्या आणल्या. दात घासून झाल्यावर गोळी चावायची, लाळ तोंडभर फिरवून थुंकायची आणि हलकी चूळ भरायची. जिथे थर उरला असेल तिथे गुलाबी रंग राहतो. जुन्या ब्रशची पहिली चाचणी लाजवणारी होती. दातांचा दर्शनी भाग पांढराशुभ्र, पण हिरडीलगत एक अखंड गुलाबी रेघ आणि शेवटच्या दाढा पूर्ण रंगलेल्या. ज्या सुळ्यावर मी सर्वांत जोर लावत होतो, त्याच्या मुळाशी तर हिरडी मागे सरकली होती.

कारण उलगडले ते ब्रश हळूहळू फिरवून पाहिल्यावर. दाताचा फुगीर भाग कडक ब्रिसल्सना आडवा येतो आणि त्या वरूनच घसरून जातात, तर मऊ ब्रिसल्स ४५ अंशांत हिरडीकडे कलवून बारीक हलवल्या की त्यांची टोके हिरडीच्या कडेखाली थोडी शिरतात. लहान डोक्याचा लाभ मात्र शेवटच्या दाढेपाशी कळतो. तोंड मोठे उघडले की गाल ताणला जाऊन दाढेशेजारची जागा उलट अरुंद होते. तोंड अर्धवट मिटून खालचा जबडा त्या बाजूला सरकवला, तर लहान डोके तिथे सहज मावते, लांब डोके मावत नाही. दुसऱ्या महिन्याअखेरीस हिरडीलगतची रेघ तुटक झाली.

मध्यंतरी तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या ब्रिसल्सचा ब्रशही महिनाभर वापरला. दोन दातांमधल्या फटीच्या तोंडाशी तो सपाट कापलेल्या ब्रशपेक्षा थोडा बरा वाटला. कोळशाच्या काळ्या ब्रिसल्समुळे रंगाखेरीज काहीही वेगळे दिसले नाही. एका स्वस्त ब्रशची टोके भिंगाखाली पाहिली, तर ती गोलाई न देता तिरपी कापलेली, टोकदार होती. तो त्याच दिवशी बेसिन घासायला गेला.

शेवटचे तीन महिने गोल, फिरत्या डोक्याचा इलेक्ट्रिक ब्रश वापरला. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात विजेवरच्या ब्रशमुळे साध्या ब्रशच्या तुलनेत थर एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के अधिक कमी झाल्याचे दिसते. माझ्या बाबतीत खालच्या दातांची आतली बाजू, जिथे लाळेतील क्षारांमुळे किटण लवकर धरते, ती प्रथमच बिनरंगाची राहिली. मात्र या ब्रशने घासायचे नसते, तो एकेका दातावर नुसता टेकवायचा असतो, आणि तीस वर्षांची रेटून घासण्याची सवय मोडायला मला पंधरा दिवस लागले. बदली डोक्यांची किंमत पाहता घरातील चौघांसाठी हा खर्च मला परवडणारा वाटत नाही, म्हणून रोजच्या वापराला साधा मऊ ब्रशच ठेवला आहे.

दोन दात जिथे एकमेकांना टेकतात, तिथे यातला एकही ब्रश पोहोचला नाही. त्यासाठी रात्री फटींत घालायचा बारीक ब्रश वापरतो. उजवीकडच्या वरच्या शेवटच्या दाढेची मागची बाजू अजूनही गुलाबी होते. तिच्यासाठी एकाच झुबक्याचा छोटा ब्रश कालच आणला आहे.