गावचा सातबारा कोपरखैरण्यातून : दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

आमच्या कोपरखैरण्यात सेक्टर कुठलाही घ्या, घरटी सातारा-सांगलीकडची जमीन निघते. वडील माथाडी म्हणून मार्केटला लागले, पोरं इथंच वाढली, आणि गावची एक-दीड एकर अजून आजोबांच्याच नावावर. माझंही तेच. म्हणून महाभूमी या सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटची डिजिटल सातबारा सेवा दिवाळीपासून वापरतोय.

आधी एक फरक, कारण लोक इथंच गोंधळतात. भूलेख या दुसऱ्या सरकारी साइटवर फुकट दिसतो तो सातबारा फक्त बघण्यापुरता. कामाला चालतो तो डिजिटल सहीचा, उताऱ्यामागे १५ रुपये. मोबाइलवर ओटीपी, खात्यात थोडे पैसे टाकायचे, जिल्हा-तालुका-गाव निवडून गट नंबर दिला की पीडीएफ हातात. आठ-अ, म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, पण तसाच निघतो. शिक्का लागत नाही, तरी इथल्या एका बँकेतल्या मॅडमनी "तलाठ्याची सही कुठाय?" विचारलंच. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो त्यांच्याच कॉम्प्युटरवर टाकून दाखवला, मग फाइल पुढे सरकली.

पण खरा फायदा उताऱ्याचा नाही, तिथल्याच 'आपली चावडी' या ऑनलाइन नोटीस बोर्डाचा. याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला तर तीच सगळ्यात मोलाची वाटते. गावात कुठलाही फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, धरला की त्याची नोटीस तिथं दिसते : फेरफार नंबर, प्रकार (खरेदी, वारस, कर्जाचा बोजा), गट नंबर, हरकतीची शेवटची तारीख. हरकतीला १५ दिवस मिळतात. पूर्वी ही नोटीस गावच्या चावडीवर चिकटायची आणि मुंबईकराला कळायचं ते गणपतीत गावी गेल्यावर, तेही पारावर कुणी बोललं तर. आता महिन्यातून दोनदा जेवण झाल्यावर गावाचं नाव टाकतो आणि यादी खालपर्यंत बघतो. ना लॉगिन, ना पैसे. यंदा एका वारस नोंदीच्या नोटिशीत आमच्या आत्यांची नावं नव्हती. भाऊबंदकीत कोण काय म्हणालं ते इथं लिहीत नाही, पण हरकत मुदतीत गेली. फक्त ती हरकत लेखी, गावी जाऊन द्यावी लागली. रात्रीची एसटी पकडली, दुसरा इलाज नव्हता.

इथंच गाडी अडते. बघायला सगळं ऑनलाइन, पण दुरुस्त करायला माणूस लागतो. ई-हक्क या फेरफाराच्या अर्जांच्या साइटवर वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या भरता येतो, मृत्यूचा दाखला आणि बाकीची कागदपत्रं अपलोड होतात, हे चांगलंच. पण फेरफार धरणार तलाठी आणि प्रमाणित करणार त्याच्या वरचा मंडळ अधिकारी. आमचा एक अर्ज "त्रुटी" एवढाच शेरा मारून परत आला. कसली त्रुटी? ते फोनवर कळलं, आणि फोन उचलला गेला तो गावातल्या ओळखीच्या माणसाने आधी सांगून ठेवल्यावर. परत करताना कारण लिहायची सक्ती करावी, निम्मे हेलपाटे वाचतील.

ई-पीक पाहणीबद्दल थोडक्यात : २०२१ पासून शेतातलं पीक शेतकऱ्याने स्वतः ॲपवर नोंदवायचं आहे. फोटो बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, त्यामुळे नवी मुंबईतून जमत नाही. एका मोबाइलवर अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून आमची नोंद चुलत भाऊ त्याच्या फोनवरून करतो. ज्याचं गावात कुणीच नाही त्याने हंगामात एक चक्कर धरूनच चालावं, नाहीतर सातबाऱ्यावरचा पिकांचा (नमुना बाराचा) रकाना कोरा राहू शकतो आणि नुकसानभरपाईच्या वेळी तोच पुढे येतो.

सर्व्हर दिवसा रडतो, रात्री दहानंतर बरा चालतो. उताऱ्याला पाचपैकी चार, चावडीला पूर्ण पाच, ई-हक्कला सध्या दोन. आमची वारस नोंद आता मंडळ अधिकाऱ्यांकडे आहे. प्रमाणित झाली की ई-हक्कचा आकडा बदलेन.