जागतिक इतिहासाच्या झेरॉक्स नोट्स: स्पेन-पोर्तुगाल वसाहतींचं प्रकरण कितपत कामाचं?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानांत मिळणाऱ्या या मराठी नोट्सच्या संचात स्पेन-पोर्तुगालच्या वसाहतींच्या स्वातंत्र्याला अठरा पानं दिली आहेत. सनावळी चोख आहे. स्पेनविरुद्धच्या लढाया, म्हणजे बोयाका १८१९, काराबोबो १८२१, आयाकुचो ९ डिसेंबर १८२४, सगळं जागच्या जागी. घोडं अडतं ते कारणांपाशी.

दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धाचे सेनानी बोलिव्हार आणि सान मार्टिन यांनी अर्धं प्रकरण व्यापलंय, नेपोलियनला मात्र दोन ओळी. खरी किल्ली तिथेच आहे. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड याला गादी सोडायला लावली आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या गादीवर बसवलं. मग हुकूम कोणाचा मानायचा? या प्रश्नातून १८१० मध्ये काराकास, ब्युनोस आयर्स, बोगोटा इथे स्थानिक शासनमंडळं उभी राहिली, आणि सुरुवातीला त्यांनी फर्डिनांडच्याच नावाने कारभार केला. अमेरिकेत जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या क्रिओल लोकांना वरच्या जागा सहसा मिळत नसत, व्यापारावर बंधनं होती. तो राग जुनाच होता, १८०८ मुळे त्याला वाट मिळाली. परीक्षेत १५ गुणांच्या उत्तरात हा दुवा सुटला, तर खाली नुसती लढायांची यादी उरते.

मेक्सिकोच्या पानावर मोठी गफलत आहे. १८१० चा धर्मगुरू हिदाल्गोचा उठाव आणि १८२१ चं स्वातंत्र्य एकाच बाणाने जोडलंय. हिदाल्गोला १८११ मध्ये गोळ्या घातल्या, त्याच्यामागून उठाव चालवणाऱ्या मोरेलोसला १८१५ मध्ये. १८२१ मध्ये बाजी मारली इतुर्बिदेने, आणि तो आधी बंडखोरांविरुद्ध लढलेला राजाचाच अधिकारी! १८२० मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी राज्यघटना परत आली, तेव्हा मेक्सिकोतले धर्मगुरू आणि बडे लोक बिथरले आणि तेच स्वातंत्र्याच्या बाजूला गेले. तो बाण खोडून मधे ‘१८२०’ लिहून ठेवा.

ब्राझीलची तीन पानं मात्र संच विकत घ्यावा इतकी सुरेख आहेत. नेपोलियनच्या फौजा चालून आल्या तेव्हा पोर्तुगालचा दरबार १८०७ अखेरीस लिस्बनहून निघाला, १८०८ मध्ये रिओला पोहोचला. राजा १८२१ मध्ये परतला आणि मागे राहिलेल्या राजपुत्र पेद्रोने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. आपल्याकडे निजामाच्या राजवटीविरुद्ध लढून मुक्ती मिळवावी लागली, तिकडे राजघराण्यानेच नवा देश उभा केला. हा फरक मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला चटकन कळतो, उत्तरातही तो वापरावा.

संचातल्या यादीतून हैती काढून टाका, ती फ्रेंच वसाहत होती (१८०४ मध्ये स्वतंत्र). क्युबा आणि पोर्तो रिको १८९८ पर्यंत स्पेनकडेच होते, हे संचात नाही. पोर्तुगीज आफ्रिकेला एकच पान आहे, तेही घाईचं. अंगोलात १९६१ पासून, पोर्तुगीज गिनीत (आजचं गिनी-बिसाउ) १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून युद्ध पेटलं होतं. त्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधली हुकूमशाही उलथवली. मोझांबिक जून १९७५ मध्ये, अंगोला नोव्हेंबर १९७५ मध्ये स्वतंत्र झाला. गोवा १९ डिसेंबर १९६१ लाच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या या उलथापालथीनंतरच.

पैसे देण्याआधी नकाशाचं पान उघडून बघा. फिकट प्रतीत अँडीज ओलांडून चिलीत उतरणारा सान मार्टिनचा १८१७ चा मार्ग आणि उत्तरेकडून येणारा बोलिव्हारचा मार्ग एकमेकांत मिसळतात. तसं असेल तर दुसरी प्रत मागा.