लोकसहभागातली स्वस्त घरं आणि ‘एज’ प्रमाणपत्र: घ्यावं का, कसं घ्यावं

जागा एका संस्थेची, कर्ज एका बँकेचं, नकाशे वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे, खिडक्या देणगीत आलेल्या आणि अंगमेहनत तिथे राहायला येणाऱ्या कुटुंबांची. अशा पद्धतीने उभ्या राहणाऱ्या घरांना हरित प्रमाणपत्र मिळवायचं असेल, तर उष्ण आणि समशीतोष्ण हवामानात ‘एज’ हा सगळ्यात जमण्यासारखा पर्याय आहे. मात्र दोन गोष्टी आधी व्हायला हव्यात. प्लॉटवर घरांची तोंडं ठरण्यापूर्वी ‘एज’चं ॲप उघडलं पाहिजे आणि पुरावे गोळा करणारा एक माणूस पहिल्या दिवसापासून नेमला पाहिजे. हे जमणार नसेल, तर नोंदणीचे पैसे सरळ छपराच्या इन्सुलेशनमध्ये, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरात घाला.

‘एज’ ही जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने तयार केलेली पद्धत. तिचं ॲप वापरायला पैसे लागत नाहीत. देश आणि शहर निवडलं की तिथलं हवामान आणि तिथल्या नेहमीच्या बांधकामाचे आकडे आपोआप भरले जातात. तुमच्या घराची तुलना त्या नेहमीच्या घराशी होते. वापरातली ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचं सामान तयार होताना खर्ची पडलेली ऊर्जा (नव्या आवृत्त्यांत, सुटलेला कार्बन) अशी तीन खाती आहेत आणि प्रत्येकात किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. ऊर्जेत ४० टक्के गाठले तर ‘ॲडव्हान्स्ड’ हा वरचा दर्जा मिळतो. एका खात्यातली जादा बचत दुसऱ्यात वळती होत नाही. छपरावर कितीही सोलर पॅनेल लावा, पाण्याचा आकडा १९ वर अडकला की प्रमाणपत्रही अडकलं. आम्हाला ही कडक अट आवडते, कारण गुणांच्या बेरजेवर चालणाऱ्या पद्धतींत सोपे गुण वेचून अवघड कामाला बगल देता येते.

‘पॅसिव्ह हाउस’ या, अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकाशी तुलना नेहमी होते. त्याचं पहिलं घर १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला, क्रानिश्टाइन भागात झालं. तिथे घर तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ किलोवॉट-तासांची मर्यादा आहे, आणि ५० पास्कल दाबाला घरातली हवा तासाला ०.६ पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. थंड देशात याला तोड नाही. पण जिथे घर उघड्या खिडक्यांवर थंड राहतं, तिथे घर हवाबंद करण्यावर पैसा आणि कसब खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

श्रमदानाच्या घरांची एक अडचण वेगळी आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुरू झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने घर मिळणाऱ्या कुटुंबानेच बांधकामाला हातभार लावायचा, ही रीत जगभर नेली. या रीतीत कामावरचे हात दर आठवड्याला बदलतात. भिंत कुणी बांधली याच्याशी ‘एज’ला देणंघेणं नाही, पण भिंतीत काय बसवलं याचा कागद लागतो. म्हणून अशा प्रकल्पात चुका जेवढ्या बांधकामात होतात, तेवढ्याच कागदोपत्री होतात.

क्रम असा असतो. आधी ॲपमध्ये स्वतःच आकडे भरून पाहायचे. तिन्ही खाती २० च्या वर गेली की नोंदणी करायची. मग अधिकृत लेखापरीक्षक आराखडे, हिशेब आणि डेटाशीट (उत्पादकाने दिलेली मालाची तांत्रिक माहिती) तपासतो आणि प्राथमिक प्रमाणपत्र मिळतं. काम संपल्यावर तो प्रत्यक्ष जागेवर येतो आणि त्यानंतर अंतिम प्रमाणपत्र मिळतं. प्रकल्पाला सल्ला देणारा तज्ज्ञ आणि लेखापरीक्षक एकच असू शकत नाहीत, त्यामुळे ओळखीतल्या एकाच माणसावर दोन्ही कामं टाकायचा बेत करू नका. फी देशानुसार, क्षेत्रफळानुसार आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनुसार बदलते. सुटी दोन-चार घरं नोंदवणं परवडत नाही. पूर्ण वस्ती एकत्र नोंदवा आणि घरांचे प्रकार जेवढे कमी ठेवता येतील तेवढे ठेवा, कारण प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा होतो. नेमक्या २० टक्क्यांवर हिशेब आणून ठेवायचा आणि उरलेलं पुढे बघू म्हणायचं, हेही चालत नाही. कामात काही ना काही बदलतंच. आराखड्याच्या वेळी प्रत्येक खात्यात २५ तरी हवेत.

आता ॲपमध्ये बसू. पहिला मोठा आकडा खिडक्यांचा आणि भिंतींचा. बाहेरच्या सगळ्या भिंतींचं क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आणि खिडक्यांचं ९, तर प्रमाण १५ टक्के. खिडकी मोजताना चौकट धरायची, नुसती काच नाही. जोडघरांच्या हिशेबात हमखास एक चूक होते. दोन घरांमधली सामाईक भिंत बाहेरची म्हणून धरली जाते आणि प्रमाण उगाच कमी दिसतं. लेखापरीक्षकाने ते दुरुस्त केलं की ऊर्जेचे दोन-चार टक्के गळतात. सज्जाचं म्हणाल, तर १.२ मीटर उंचीच्या खिडकीवर ०.६ मीटरचा सज्जा डोक्यावरच्या उन्हाला चांगला अडवतो. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, तिथे तो बराच वेळ निरुपयोगी असतो. खिडकीच्या बाजूंना उभ्या आडोशाच्या पट्ट्या द्या किंवा त्या बाजूची खिडकी लहान करा. आणि हे सगळं घरांची तोंडं ठरायच्या आधी. एकदा पाया खणला की ॲपमधल्या या रकान्यांना हात लावायला जागाच उरत नाही.

सगळ्यात जास्त फळ छपरात आहे. १५० मिलिमीटरचा उघडा काँक्रीट स्लॅब चौरस मीटरमागे, तापमानातल्या एका अंशाच्या फरकाला, साधारण ३ ते ४ वॉट उष्णता आत सोडतो. त्यावर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (दाट फोमचा, उष्णता अडवणारा) घातला की तोच आकडा ०.६ च्या आसपास येतो. थर असे: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, बोर्ड, जिओटेक्स्टाइल कापड, वर कोबा किंवा फरशी. स्वस्त म्हणून साधा थर्माकोल घालण्याचा मोह टाळा. तो पाणी शोषतो आणि ओला झाला की त्याची अडवायची ताकद घटते. स्वयंसेवक बोर्डावर गुडघे टेकून काम करतात आणि कडा मोडतात. मोडलेल्या कडांच्या फटीत कोबा उतरतो, आणि नेमक्या त्या रेषांवर स्लॅब तापतो. बोर्डावर फळ्या टाकून त्यांच्यावरूनच चालायचं, एवढा एक नियम पुरेसा आहे. पॅरापेटच्या कडेला बोर्ड आखूड पडला तर तुकडा कापून नीट बसवा, ती जागा सिमेंटच्या मसाल्याने बुजवू नका.

पांढऱ्या रंगालाही ॲप श्रेय देतं, पण तो आकडा नव्या, स्वच्छ रंगाचा असतो. धूळ बसली की परावर्तन घसरतं. म्हणून २० टक्के गाठण्यासाठी रंगावर विसंबू नका, इन्सुलेशनवर विसंबा आणि रंग वरकड समजा.

भिंतींबद्दल: २३० मिलिमीटरच्या, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या भाजलेल्या विटांच्या भिंतीचा आकडा त्याच मापात २ च्या आसपास येतो, २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकचा (हवेच्या बारीक पोकळ्या असलेला हलका काँक्रीटचा ठोकळा) ०.७५ च्या आसपास. कागदावर एएसी जिंकतो. साइटवर मात्र तो गवंड्याच्या सवयीवर अवलंबून आहे. हे ब्लॉक पातळ सांध्याच्या खास मसाल्याने, सुमारे ३ मिलिमीटर सांधा ठेवून बसवायचे असतात. विटेची सवय असलेला हात तिथे साधा सिमेंटचा मसाला जाड थापतो. ब्लॉक त्यातलं पाणी ओढून घेतो, सांधा कच्चा राहतो, भिंतीला केसासारख्या चिरा पडतात आणि जाड सांध्यांतून उष्णताही जास्त जाते. काँक्रीटचा खांब आणि ब्लॉक भेटतात तिथे गिलाव्याआधी जाळी ठोकली नाही, तर चीर हमखास. प्रशिक्षणाला वेळ नसेल, तर सामानाच्या खात्यासाठी पोकळ रॅट-ट्रॅप जोडणीची (विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवलेली) विटांची भिंत आणि फिलर स्लॅब (काही काँक्रीटच्या जागी कौलांसारखं हलकं सामान भरलेला) यांचा विचार करा. या जोडणीत विटा साधारण चतुर्थांश कमी लागतात.

आता कुटुंबांशी बोलताना जपून मांडायची गोष्ट. ज्या घरात एसी नाही, तिथे ॲप ‘आभासी’ ऊर्जा धरतं. घर आरामदायी ठेवायला यंत्र लावलं असतं तर किती वीज लागली असती, याचा हा अंदाज. पद्धत म्हणून आम्हाला ती योग्य वाटते, कारण नाहीतर एसी न परवडणाऱ्या घराला छपर सुधारण्याचं काहीच श्रेय मिळालं नसतं. पण ही बचत वीजबिलात दिसत नाही. ॲपमध्ये ३५ टक्के बचत दिसली म्हणून बिल ३५ टक्क्यांनी कमी येईल, असं सांगणारे पत्रक छापू नका. बिलावर खरा परिणाम पंखे, दिवे, पाणी तापवण्याची सोय आणि सोलर यांचा होतो. बँकेपुढेही तेच. ॲप वाढीव खर्च आणि परतफेडीची वर्षं दाखवतं, पण ते ठोकळ अंदाज असतात. कर्जासाठी कंत्राटदाराचे दर घेऊन वेगळा हिशेब करा.

देणगीतलं सामान ही या सगळ्यातली सगळ्यात नाजूक बाब. खिडक्या देणारा मनापासून देतो, पण काचेचं डेटाशीट नसतं, मापं तीन प्रकारची निघतात आणि चौकट कोणत्या धातूची हेही कुणाला ठाऊक नसतं. पुराव्याशिवाय लेखापरीक्षक काचेचा चांगला आकडा मान्य करत नाही. देणगी स्वीकारण्याआधी एक पानी फॉर्म द्या: उत्पादकाचं नाव, मॉडेल, डेटाशीट, नग, मापं आणि शून्य रकमेची का होईना पण पावती. यातलं काही नसेल तर ते सामान कुंपणाला, शेडला, सामाईक खोलीच्या आतल्या दारांना वापरा. ऊर्जेच्या हिशेबातल्या जागी बसवू नका.

पाण्याचं खातं सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. शॉवरच्या खोक्यावरचा प्रवाह ठरावीक दाबाला मोजलेला असतो. टाकी शॉवरच्या ५ मीटर वर असेल तर दाब जेमतेम अर्धा बार (बार हे दाबाचं माप). ३ बारला मिनिटाला ८ लिटर देणारा साध्या छिद्रांचा शॉवर तिथे सव्वातीन लिटरच देईल, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. मग राहणारा माणूस आतली प्रवाह रोखणारी चकती काढून टाकतो आणि बचत तिथेच संपते. कमी दाबासाठी बनवलेली नळतोटी आणि शॉवर निवडा, आणि बसवल्यावर मोजा: पूर्ण नळ सोडून मापाच्या भांड्यात १० सेकंद पाणी घ्या आणि ६ ने गुणा. फ्लशच्या टाकीचं मोठं आणि छोटं बटण दोन्ही तपासा. प्लंबर तरंगता बॉल वर ठेवून जातो आणि ६ लिटरची टाकी ८ लिटर सोडते.

पुराव्यांची शिस्त म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहा. छपराचा बोर्ड अंथरल्यावर, कोबा पडायच्या आधी, किमान तीन फोटो हवेत. एक लांबून, कोणतं घर ते कळेल असा. एक बोर्डाच्या कडेला टेप लावलेला, ५० चा आकडा वाचता येईल असा. एक गठ्ठ्यावरच्या लेबलचा. तिन्हींवर तारीख. सोबत खरेदीची पावती. कोबा पडला की हे सिद्ध करायला स्लॅब फोडण्याशिवाय मार्ग नाही. हे काम साइट इंजिनिअरवर टाकलं तर राहून जातं, कारण त्याच्या डोक्याला सेंटरिंग आणि सिमेंट पुरेसं असतं. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची जोडी नेमा आणि घरनिहाय फोल्डर पहिल्या दिवशीच तयार करा. पुढचा थर घालायची परवानगी फोटो चढवल्यावरच द्यायची.

‘एज’ला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. कामाची सफाई, गळती, रंगांतून निघणारे घातक वायू, बस थांबा किती लांब आहे, वस्तीत मुलांना खेळायला जागा आहे का, याला त्यात वजन नाही. ‘लीड’ या अमेरिकी हरित प्रमाणपत्रासारख्या गुणांच्या पद्धती यातलं बरंच विचारतात, पण त्यांचं कागदकाम श्रमदानाच्या गटाला झेपत नाही. या गोष्टी भागीदारांच्या करारात स्वतंत्रपणे लिहून घ्या.

घराचा ताबा देताना कुटुंबाच्या हातात एक पान द्या: शॉवरचं मॉडेल आणि प्रवाह, फ्लशचे लिटर, छपराच्या रंगाचा प्रकार आणि पुन्हा लावायचं वर्ष, डिश अँटेनासाठी छपरात खिळा ठोकण्याऐवजी कुठे बसवायचं ती जागा. नळाच्या जाळ्या क्षाराने तुंबतात तेव्हा त्या फेकायच्या नाहीत, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून परत लावायच्या, हेही त्यातच लिहा.