थाप तीच, हसू वेगळं

रिॲलिटी शोचं सोंग घेऊन एखाद्याची फिरकी घेणारा कार्यक्रम लागला, की मला आधी त्या फसलेल्या माणसाची काळजी वाटते. ब्रिटनच्या चॅनल ४ वरचा ‘स्पेस कॅडेट्स’ (२००५) बघताना ती शेवटपर्यंत गेली नाही. स्पर्धकांना सांगितलं होतं, तुम्ही रशियात अंतराळ प्रशिक्षणाला आला आहात. प्रत्यक्षात ते इंग्लंडातच, सफोकमधल्या जुन्या हवाई तळावर होते! मग त्यांना खोट्या यानात बसवून ‘अंतराळात’ नेलं. तिथे आपण तरंगत का नाही, यावरही थाप तयार. काही प्रेक्षक पोट धरून हसले, काहींना ते क्रूर वाटलं. आणि काहींना वेगळीच शंका आली : सगळेच नट असतील, खरे फसतोय आपणच.

अमेरिकेतला ‘ज्युरी ड्यूटी’ (२०२३) मात्र लोकांनी उचलून धरला. खोट्या खटल्यात ज्युरी म्हणून, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांत, एकच माणूस खरा; बाकी न्यायाधीशासकट सगळे कलाकार. ज्युरीतला एक सहकारी कुबड्यांची खुर्ची पँटला बांधून कोर्टात येतो. पण हा खरा माणूस त्याची टिंगल करत नाही. उलट त्याला एकटं वाटू नये म्हणून एक ॲनिमेशनपट दाखवतो. तो प्रसंग बघताना माझा गळा दाटून आला. शेवटी गुपित फोडून या फसवलेल्या माणसाला १ लाख डॉलर दिले गेले.

पहिल्यात भोळेपणावर हसायचं होतं, दुसऱ्यात चांगुलपणाची वाट बघायची होती. तरी संमती न घेता इतके दिवस एखाद्याला अंधारात ठेवणं मला दोन्हीकडे खटकतंच. निवडायचंच असेल, तर मी दुसरा निवडेन.